पंधरा राण्या आणि एक राजा

"मिशी लागली गो. आता घरचं काय विचारायचं नाय."

नाटकाआधी राजाच्या वेषात आरशासमोरच्या खुर्चीत बसून ती हे म्हणायची आणि हातातला मोबाईल माझ्या मांडीवर टाकायची. तिथून नाटक संपेपर्यंत गॅस, दूध, नवऱ्याची शिफ्ट, मुलाची परीक्षा, सगळं बंद. कुणाचा फोन आलाच तर मी सांगायचं, 'दरबार चालू आहे.' एकदा तिच्या नवऱ्यानं कुकरची शिट्टी कुठं ठेवलीय म्हणून फोन केला. मी खुणेनं तिला विचारलं. आरशातून तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी त्या बिचाऱ्याला 'राजे शिकारीला गेलेत' सांगून फोन ठेवला. त्या दिवशी त्यानं पातेल्यात भात केला आणि तो बराही झाला. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला भात येतो हे तिला माझ्या मिशीमुळं कळलं, असं ती सगळ्यांना सांगायची.

माझी मिशी म्हणजे मी लावलेली मिशी. मी पेणची. गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं. एका वर्षी ती रोह्याहून गणपती ठरवायला आली. मूर्ती बघायची सोडून माझ्या मागं उभी राहिली आणि एका मूर्तीचे दोन्ही डोळे होईपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "हात हलत नाय तुझा. मिशी काढशील काय?" पेणमध्ये माणसं गणपतीबद्दल काहीही विचारतात, पण मिशीचं हे पहिलंच गिऱ्हाईक. मी हो म्हटलं. बारा वर्षं मी तिच्या तोंडावर मिश्या लावल्या.

रोह्यात आमचं महिला नाट्यमंडळ आहे. लिहिणारी बाई, पेटी वाजवणारी बाई, पडदा ओढणारी बाई आणि समोर बसणाऱ्याही बायाच. प्रयोग दुपारी तीनला, कारण सहाला सगळ्यांच्या घरी चूल वाट बघत असते. नवरे बाहेर स्कूटरवर बसून राहतात. मंडळात आम्ही सतराजणी. त्यांतल्या पंधराजणी राणी व्हायला कायम तयार. नऊवारी, नथ, बाजूबंद, गजरा कुणाला नको असतो? मी रंगवायला. आणि राजा व्हायला एकटी ती. आमच्या प्रत्येक नाटकात एक राजा असायचाच आणि सगळी गाणी त्यालाच, कारण नाटकं तिच्याकडे बघूनच लिहिली जायची. म्हणून सगळा गाव तिला राजे म्हणायचा. मासळीबाजारातसुद्धा, 'राजे, आज बोंबील ताजे हायत.'

वयानं ती माझ्याहून चांगली पंधरा वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी मी 'अहो राजे' म्हटलं तर तिनं हात जोडले. "अहो बोललीस का मला सासूबाई आल्यासारखं वाटतं. अगं-तुगं कर." तेव्हापासून राजे आणि तू. रोह्याबाहेरच्या कुणाला हे ऐकून विचित्र वाटतं, पण आमच्या जिभेला तेच बसलं.

तिची पिठाची गिरणी होती. मोटारीवर आवाज चढवून चढवून गळा असा तयार झालेला की 'नाचणी कुणाची?' असं तिनं आतून विचारलं तर रस्त्यापलीकडच्या मेडिकलमधलं गिऱ्हाईक 'माझी नाय' म्हणून उत्तर द्यायचं. त्या गळ्यात गाणंही होतं. ती कुणाकडे शिकली नव्हती. मोटार ज्या सुरात घुमायची तोच तिचा षड्ज, आणि पेटीवाल्या बाईंनी मुकाट्यानं तो मान्य केला होता.

बाईचा पुरुष करायची सुरुवात मिशीपासून होते असं तुम्हाला वाटत असेल तर नाही. सुरुवात कमरेपासून. बाईची कंबर आत जाते, ती भरून छातीच्या रेषेत आणावी लागते. म्हणून अंगरख्याखाली टॉवेल गुंडाळायचा. पुढं पुढं तिनं टॉवेल घेणं सोडलं. "आता भाकरीनंच भरून आलंय गो," म्हणायची. मग खांद्यांना पट्ट्या, मग फेटा, आणि सगळ्यात शेवटी मिशी. मिशी लागली की चहा फक्त स्ट्रॉनं. घारे आणि बटाटावडे समोरून जायचे, राजे फक्त वास घ्यायची.

पण खरं काम ती आरशापासून लांब करायची. तालमीला मी पेणहून सकाळच्या गाडीनं यायचे. ती स्टेशनवर घ्यायला यायची आणि आम्ही तडक चहाच्या टपरीसमोर बसायचो, बाप्ये बघायला. तुम्ही-आम्ही माणसं बघतो ती चेहरा बघतो. ती चालणं बघायची. "त्या बाप्याचं बघ. खांद्यानं चालतो. हा टाचेवर चालतो, ह्याच्याकडं पैसा आलाय." एकदा म्हणाली, "बाप्या दारातनं आत येतो तवा घरात कोण हाय ते बघत नाय. बाई उंबऱ्याबाहेरच्या चपला मोजून मगच आत येते." मी घरी जाऊन आठ दिवस तपासलं. अगदी खरं.

एकदा निडी गावाकडचा कुणी उंच माणूस सामान घेऊन आमच्यासमोरून गेला. राजे त्याच्याकडे एवढी टक लावून बघत राहिली की तो परत आला. "काय वहिनी, काय झालं?"

"काय नाय भाऊ. जरा परत चालून दाखव."

बिचारा चालायला गेला आणि चालणंच विसरला. डावा हात आणि डावा पाय बरोबर पुढं यायला लागले. शेवटी रिक्षात बसून गेला.

पेणच्या एका प्रयोगाला माझ्याकडची गोंद काढायची बाटली सांडली. मिशी काही केल्या निघेना, आणि सहाला गिरणी उघडायची होती. राजेनं साडी नेसली, मिशीसकट मिनीडोर रिक्षात बसली आणि नागोठण्यात बदलून रोह्याला गेली. तिच्याकडे बघून कुणाची काही विचारायची छातीच झाली नसणार. गिरणीत एक म्हातारी तांदूळ घेऊन आली. तिला कमी दिसायचं. "दादा, ती मोठ्यानं बोलनारी बाय कुठं हाय? मी तिच्याकडनंच दळते."

"ती माहेरी गेलीय," राजेनं राजाच्या आवाजात सांगितलं आणि दळून दिलं.

आठ दिवसांनी म्हातारी तक्रार घेऊन आली. "तू नव्हतीस गो. तुझ्या मालकानं जाडं दळलान बघ." राजेनं नवऱ्याच्या वतीनं माफी मागितली आणि पुन्हा दळून दिलं.

असं मजेत चाललं होतं. मग तिचा आवाज बसायला लागला. आधी पावसाळी खोकला म्हणून सोडून दिला, मग आलं-मध, मग पनवेलचा डॉक्टर. त्यानं नळी घालून बघितलं. पीठ आणि ओरडणं, दोन्ही गळ्यात जाऊन बसलंय, म्हणाला. बोला, पण हळू. गाणं विसरा.

ती बातमी तिनं आम्हाला तालमीत उभ्यानं सांगितली. मग म्हणाली, "चैत्रात प्रयोग हाय. तवर दुसरा राजा शोधा, नायतर मंडळाला कुलूप लावा." आम्ही एकमेकींकडे बघितलं. पंधरा राण्यांपैकी एकीचाही गळा पेटीच्या काळी दोन पट्टीच्या खाली उतरत नव्हता. दोघींनी प्रयत्न केला. त्यांतली एक राजा म्हणून उभी राहिली तर वरातीत नवरदेवाच्या जागी करवली आल्यासारखी दिसली. चारच महिने हातात होते. राजे हसतमुखानं फिरायची, पण टपरीसमोर बसायची बंद झाली. मला म्हणाली, "बाप्ये बघवत नायत आता." तेव्हा मला पहिल्यांदा तिची काळजी वाटली.

राजा सापडला तो गिरणीतच. दळण घेऊन एक मुलगी यायची, रुकय्या. खाडीकडच्या मोहल्ल्यातली. वडील कुवेतला, घरी आई आणि ती. पोरांच्या शिकवण्या घ्यायची. बोलायची ती नाकातून, पातळ, दोन शब्दांत. राजेला ती मुखदुर्बळ वाटायची. त्या दिवशी राजे वाकून चाळणी लावत होती आणि तिचा पदर फिरत्या पट्ट्याकडे सरकत होता.

"मावशी, पदर!"

मोटारीच्या वर आवाज गेला. राजेनं पदर ओढला, मोटार बंद केली आणि वळून बघितलं. दारात दुसरं कुणी नव्हतं. रुकय्यानं तोंडावर हात दाबून धरला होता.

"हा तुझा आवाज?"

पोर रडायलाच लागली. लहानपणापासून तिचा आवाज असा घोगरा, जाड. फोनवर गॅसवाला साहेब म्हणायचा. शाळेत पोरं तिला भाईजान म्हणून हाक मारायची. म्हणून तिनं वरचा, खोटा आवाज करून घेतला होता आणि त्यातही कमीत कमी बोलायची. राजेनं ऐकून घेतलं आणि तिच्या पिठाच्या डब्याला हात लावून म्हणाली, "पोरी, तू रडतेस कशाला? मी महिनाभर ह्याच आवाजाला शोधत होते."

रुकय्याच्या आईकडे आम्ही दोघी गेलो. आईनं सरबत दिलं, सगळं ऐकलं आणि मान हलवली. "तिचं लगीन जमवायचं हाय. मिशी लावून उभी राहिली तर कोण करील?"

"मी तीस वर्षं लावते. माझं काय मोडलं?" राजे म्हणाली.

"तुमचं आधी झालेलं."

मीच मध्ये पडले आणि म्हटलं, फेट्यात सगळे केस झाकले जातात. त्यावर आई जरा विचारात पडली. रुकय्या दाराआड उभी होती. तिथून तिनं, त्या खऱ्या आवाजात, एवढंच म्हटलं, "अम्मी, मला करायचंय." आईनं दार पुरतं उघडून लेकीकडे बघितलं. मग अट घातली. ती स्वतः पहिल्या रांगेत बसणार. "लोकं हसतात माझ्या पोरीला. तिथं कोण हसलं तर मी उठेन आणि तिला तशीच घरी नेईन. मग परत बोलवायचं नाय."

"कबूल," राजे म्हणाली.

तालमीच्या पहिल्या दिवशी तिनं रुकय्याच्या हातात झाडू दिला. आमच्याकडे राजाचं काम करणारीनं रंगाची खोली झाडायची असते. हा तिचाच नियम, आणि तीस वर्षं तिनंच तो पाळला होता. रुकय्यानं झाडून काढलं. मग चालणं, बसणं, तलवारीवर हात ठेवणं, वाक्य संपल्यावर लगेच न हलणं. आम्हा सतराजणींसमोर पोरीचा आवाज असा लागायचा की पेटीवाल्या बाईंनी एकदा वाजवता वाजवता डोळे पुसले.

राजेला राजमातेचं काम दिलं. दोन प्रवेश, गाणं नाही, हातात ओवाळणीचं ताट. आता खरी गंमत सुरू झाली. तिला बाई होता येईना. सिंहासनाशेजारी पाय फाकवून बसायची. बोलताना मांडीवर थाप. ताट घेऊन चालायची ती मोहिमेवर निघाल्यासारखी. शेवटी मला बाजूला घेऊन अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाई कशी बसते गो?" दोन बाळंतपणं झालेली, साठीला टेकलेली बाई मला हे विचारत होती. आम्ही रंगाच्या खोलीत बसून आठ दिवस बाईसारखं बसायचा सराव केला. "लय अवघड हाय," म्हणायची. "तुम्ही रोज करता?"

ह्या गोष्टीला दोन वर्षं झाली. राजे आता रोह्यात नाही. गिरणी दुसऱ्याला देऊन ती नवऱ्याबरोबर नाशिकला मुलाकडे गेली. तिथं हवा कोरडी आहे, गळ्याला बरी. फोनवर बोलते ती हळू, आणि फोन ठेवला की मला उगीच चुकल्यासारखं वाटत राहतं. तालमीला जाताना कासू स्टेशन आलं तरी मी गाडीत तशीच बसून असते, पिशवीतलं पुस्तक न उघडता. रोह्याला उतरल्यावर घ्यायला कुणी नसतं. मग मला तो चैत्रातला प्रयोग आठवतो.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत मधोमध रुकय्याची आई, पर्स मांडीवर घट्ट धरून. पडदा उघडला, दरबार. रुकय्या आली ती छान आली. मिशी मी जीव ओतून बसवली होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिंहासनापुढं उभी राहून तिनं पहिलं वाक्य म्हटलं. तो नाकातला, पातळ, खोटा आवाज. चारशे बायका बघून पोरगी जुन्या सवयीत जाऊन लपली होती. एवढ्या मोठ्या मिशीतून चिमणीचा आवाज आला तर काय होणार? मागून खुसखुस झाली. मग मधून. रुकय्यानं दुसरं वाक्य म्हटलं, ते त्याहून बारीक. पहिल्या रांगेत तिच्या आईनं पर्स काखेत मारली आणि ती उठायला लागली.

राजमाता बाजूला ताट घेऊन उभी होती. त्या प्रवेशात तिला एक शब्दही नव्हता. ती दोन पावलं आली, कानामागं हात धरला आणि म्हणाली,

"काय म्हणालास, बाळा? मोठ्यानं बोल. तुझ्या आईला हल्ली कमी ऐकू येतं."

हॉल हसला. पण आता तो राजमातेला हसत होता. रुकय्या गोंधळून बघत राहिली. मग तिनं वाक्य परत म्हटलं, जरासं मोठ्यानं.

"नाय ऐकू आलं." राजमातेनं आता सरळ दुसरा कान पुढं केला आणि प्रेक्षकांकडे तोंड वेडावून बघितलं. बायका खदखदून हसल्या. रुकय्याची आई अर्धी उठलेली, खुर्चीच्या हाताला धरून, तशीच थांबली.

"अरे, दरबार हाय हा! कुजबुजतोस काय नव्या नवरीसारखा? माझ्या लेकाचा आवाज कसा हाय ते मला ठाऊक हाय. तो काढ."

रुकय्यानं श्वास घेतला. मला तिचे खांदे वर जाताना दिसले. आणि तिसऱ्यांदा ते वाक्य आलं ते असं आलं की पडदा ओढणाऱ्या बाईच्या हातातली दोरी सुटली. राजमातेनं समाधानानं मान हलवली. "हां. आता आलं." आणि बाईसारखी, अगदी आम्ही घोटली होती तशी, जाऊन बसली. खाली रुकय्याची आईही बसली.

त्यानंतर पोरीला कुणी अडवलं नाही. प्रवेशाच्या शेवटी गाणं होतं, राजा मोहिमेवर निघतो आणि आई त्याला ओवाळते ते. रुकय्या ते गायली. गाणं संपलं आणि हॉलच्या मागून पहिली आरोळी उठली, "वन्समोअर!" मग सगळीकडून.

आमच्या नाटकात गाणारा राजा एकच, त्यामुळं वन्समोअर तीस वर्षं एकीलाच मिळत आला होता. आरोळी ऐकली की राजे मान झुकवायची, पुढं यायची आणि पेटीवाल्या बाईंकडे बघायची. त्या दिवशीही तिनं मान झुकवली. हातात ताट घेऊन ती पुढं आली, अगदी कडेपर्यंत, आणि पेटीकडे बघितलं. रुकय्यानं बाजूला होऊन तिला जागा करून दिली. पेटीवाल्या बाईंचे हात वरच्यावर थांबले. मी आतून तोंडावर पदर दाबला.

राजेला कळायला एक क्षण लागला. ताटातली निरांजनं तिनं बघितली. अंगावरची नऊवारी बघितली. मग हसली, आणि तोंड प्रेक्षकांकडेच ठेवून दोन पावलं मागं सरली. रुकय्या तिच्याकडे बघत होती, आता काय करायचं तिला ठाऊक नव्हतं. राजेनं रिकाम्या हातानं तिला पाठीतून पुढं लोटलं.

"जा गो," ती हळूच म्हणाली. "तुला बोलवतायत."